दुरुस्ती करता आली नाही

‘खराब फाइली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत.’ विंडोजमधला सिस्टीम फाइल चेकर आपलं काम संपवताना या अर्थाची एक इंग्रजी ओळ काळ्या खिडकीत उमटवतो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात मी आयुष्याची ऐन वर्षं घातली आणि या सगळ्या काळात ही ओळ या ना त्या रूपात समोर येत राहिली. ती वाचून गिऱ्हाइकाला वाटतं, मशीन संपलं. नव्याने काम शिकणाऱ्या पोराला वाटतं, फॉरमॅट मारायला मोकळीक मिळाली. मला मात्र ही ओळ दिसली की खरं काम इथून पुढे आहे एवढं कळतं. प्रोग्रॅमला जे दिसतं त्याच्या खालच्या थरात कुठेतरी दोष आहे, हे त्याने स्वतःच सांगितलेलं असतं. ते ऐकून घ्यायचं की तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा चालवत बसायचं, हा प्रश्न उरतो.

माझं दुकान तासगावात आहे. सांगली जिल्ह्यातला हा द्राक्ष-बेदाण्याचा तालुका. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं, अडत दुकानं, पतसंस्था, शाळा, वजनकाटे, डीटीपीवाले, सेतू केंद्रं, आणि अलीकडे पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करणारी पोरं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एखादा पार्ट पाच मिनिटांत बदलून बघता येतो, तसं इथे होत नाही. रॅमची कांडी किंवा मशीनला वीज देणारा एसएमपीएस खिशात नसेल तर सांगलीला फेरी मारावी लागते. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे आधी डोक्याने शोधायची सवय आमच्या भागातल्या कारागिरांना लागते. मला ती सांगलीत उमेदवारी करताना लागली. तिथल्या मालकांचा एक नियम होता. जॉब रजिस्टरमध्ये ‘मशीन खराब’ असं लिहायचं नाही. स्क्रीनवर जे अक्षर दिसतंय ते जसंच्या तसं उतरवायचं, आणि गिऱ्हाइकाला विचारून ‘त्याआधी काय बदललं’ हे दुसऱ्या रकान्यात लिहायचं. तेव्हा तो जाच वाटायचा. पुढे माझ्या दुकानातही मी तोच रकाना आखला.

विंडोज एक्सपीच्या दिवसांत सिस्टीम फाइल चेकरने आम्हाला फार छळलं. एक्सपी आपल्या महत्त्वाच्या फाइलींच्या नकला ‘डीएलएलकॅश’ नावाच्या फोल्डरात ठेवायचं. एखादी फाइल बिघडली की तिथली नक्कल आणून बसवायची, अशी ती सोय होती. नक्कल तिथे नसली की तो सीडी मागायचा. २००४ साली सर्व्हिस पॅक २ आला, आणि इंटरनेटवरून किंवा कुणाच्या सीडीवरून लोकांनी तो मशीनवर चढवला. पण घरातली मूळ सीडी जुनीच राहिली. मग चेकर म्हणायचा, सीडी घाला. घातली की म्हणायचा, ही सीडी नव्हे. असं तासन्‌तास चालायचं.

दिवाळी अंकाच्या धामधुमीत एका डीटीपीवाल्याचं मशीन असं अडकलं. पेजमेकर उघडलं की पाच मिनिटांत बंद. त्याची एकच अट होती, ‘भाऊ, फॉरमॅट सोडून काहीही करा.’ आणि ती अट रास्त होती. युनिकोड अजून छपाईच्या कामात रुळलं नव्हतं. श्रीलिपीचे फॉन्ट, त्याचा कीबोर्ड, मागच्या पोर्टला लावलेलं हार्डवेअर लॉक, आणि वर्षानुवर्षं जुळवलेल्या फाइली, हे सगळं त्या एका बसवलेल्या विंडोजवर उभं होतं. फॉरमॅट मारला असता तर मशीन एका दुपारीत सुरू झालं असतं आणि त्याचा अंक दिवाळीनंतर निघाला असता. त्या वेळी आम्ही मूळ सीडी हार्ड डिस्कवर उतरवली, तिच्यात सर्व्हिस पॅक मिसळला आणि नवी सीडी लिहिली. याला स्लिपस्ट्रीम म्हणतात. ती सीडी घातल्यावर त्याच चेकरने निमूट फाइली बसवल्या. प्रोग्रॅम तोच, मशीन तेच. त्याला ज्या आवृत्तीचा माल हवा होता तो मिळाल्याबरोबर तो चालला.

दुरुस्ती करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला एक निरोगी, त्याच आवृत्तीची मूळ प्रत लागते. ती नसेल तर त्याला दोष दिसतो, पण दूर करता येत नाही. विंडोज व्हिस्टापासून हे कोठार ‘विनएसएक्सएस’ या फोल्डरात गेलं. विंडोज ८पासून त्या कोठाराचीच दुरुस्ती करणारी डिसम ही वेगळी आज्ञा हाताशी आली. म्हणजे आता दोन पायऱ्या झाल्या. चेकर फाइल दुरुस्त करतो कोठारातून, आणि डिसम कोठार दुरुस्त करतं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून. लोक उलट्या क्रमाने जातात. आधी चेकर चालवतात, तो नाही म्हणाला की पुन्हा चालवतात, तिसऱ्यांदा चालवतात. कोठारच नासलं असेल तर चेकर कितीदाही चालवून उपयोग नाही. आधी डिसम, मग चेकर. आणि डिसमलाही ‘स्रोत फाइली सापडल्या नाहीत’ असं म्हणायची वेळ येते, कारण इंटरनेट तुटक असतं, किंवा अपडेटची सेवाच बिघडलेली असते. तेव्हा त्याच आवृत्तीचा, त्याच बिल्डचा विंडोजचा संच पेन ड्राइव्हवर देऊन त्यातली ‘इन्स्टॉल’ची फाइल कुठे आहे हे त्याला बोट धरून दाखवावं लागतं. माझ्या खणात अशा पेन ड्राइव्हची एक माळच आहे. प्रत्येकाला कागदी चिठ्ठी चिकटवून त्यावर बिल्ड क्रमांक लिहिलेला आहे.

या कोठाराबद्दल एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, आणि ती कळल्यावर कितीतरी जुन्या कोड्यांचा उलगडा झाला. आपल्याला वाटतं, सिस्टीम फोल्डरात एक प्रत आहे आणि कोठारात दुसरी. प्रत्यक्षात बहुतेक फाइलींच्या बाबतीत डिस्कवर मजकूर एकच असतो, आणि त्याला दोन ठिकाणांहून नावं दिलेली असतात. याला हार्ड लिंक म्हणतात. सातबाऱ्यावर दोन नावं असली तरी जमीन एकच, तसं हे. त्यामुळे डिस्कवरची ती जागाच सडली तर वापरातली फाइल आणि कोठारातली फाइल एकाच क्षणी जातात. चेकर तिला बदलायला कोठारात जातो, तर तिथेही तेच खराब बाइट. ‘दुरुस्त करता आली नाही’ या ओळीच्या मागे पुष्कळदा हे कारण असतं, आणि मग प्रश्न फाइलीचा राहत नाही, डिस्कचा होतो.

माझ्या कामाला खरं वळण मिळालं ते एका सीएंच्या ऑफिसातल्या मशीनमुळे. विंडोज १०, बरं मशीन, महागडा यूपीएस. पण एक्सेल मध्येच बंद पडायचं, आठवड्यातून एखादी ब्लू स्क्रीन यायची. चेकर चालवला की सांगायचा, खराब फाइली सापडल्या आणि दुरुस्त केल्या. सगळे खूश. चार दिवसांनी पुन्हा तेच. त्या ऑफिसातला मुलगा म्हणाला, ‘सर, दर शनिवारी चालवत जाऊ का?’ त्याने तसं ठरवूनही टाकलं होतं. मला ते खटकलं. निरोगी मशीनमध्ये सिस्टीमच्या फाइली शनिवारच्या शनिवारी बिघडत नाहीत.

चेकर जे काही करतो त्याची नोंद ‘सीबीएस’ नावाच्या लॉग फाइलीत होते. ती लांबलचक, रूक्ष फाइल असते आणि फारसं कुणी उघडत नाही. मी आधीचे लॉग काढले, त्यातल्या दुरुस्त केलेल्या फाइलींची नावं कागदावर शेजारी-शेजारी लिहिली. एकही नाव दुसऱ्यांदा आलेलं नव्हतं. दर वेळी वेगळीच फाइल. एकच फाइल पुन्हा पुन्हा येत असती तर कोठारात किंवा त्या फाइलीला हात लावणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोष शोधला असता. नावं दर वेळी बदलत असतील तर दोष फाइलींमध्ये नाहीच. फाइल तपासायची म्हणजे ती आधी रॅममध्ये आणावी लागते, तिथे तिचं गणित करून मूळ आकड्याशी ताडावं लागतं. रॅमचा एखादा बिट अधूनमधून उलटत असेल तर चांगली फाइलही खराब दिसते, आणि तिच्या जागी लिहिलेली ‘चांगली’ प्रत वाटेत बिघडते. म्हणजे ती शनिवारची दुरुस्ती मशीन आणखी बिघडवत होती.

रॅम तपासणारं मेमटेस्ट पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर ठेवलं. सकाळी स्क्रीन लाल झालेली होती. दोन कांड्यांपैकी एक काढली, पुन्हा तपासलं, दोषी कांडी सापडली. ती बदलली, मग डिसम, मग चेकर, एकदाच. त्यानंतर ते मशीन तक्रारीसाठी माझ्याकडे आलं नाही. पण हिशोबाच्या फाइलींत तेवढ्या काळात काय काय उलटलं असेल, ही चिंता त्या सीएंना लागून राहिली. त्यांनी महिन्याभराचे ताळेबंद पुन्हा तपासून घेतले, आणि ते त्यांनी योग्यच केलं.

तेव्हापासून मी लॉग वाचतो. प्रोग्रॅमच्या शेवटच्या ओळीपेक्षा त्याने वाटेत काय लिहून ठेवलं त्यात जास्त माहिती असते. विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर तर प्रत्येक मशीनमध्ये फुकट पडलेला आहे. त्यात ‘डिस्क’ या नावाखाली बॅड ब्लॉकची नोंद दिसली तर मी पुढची सगळी दुरुस्ती थांबवतो. ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसली तर मशीन रीतसर बंद न होता अचानक गेलं, एवढं कळतं.

या ४१ क्रमांकाने मला बेदाण्याच्या एका शेडवर नेलं. गावाबाहेर, शिवारात शेड, त्यातच छोटं ऑफिस, ऑफिसात एक मशीन आणि वजनाची नोंद. मशीन चालू केलं की दर वेळी चेक डिस्क सुरू व्हायचं, फाइल सिस्टीम दुरुस्त केल्याचं सांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधीच्या कारागिराचं विंडोज नव्याने टाकून झालं होतं, हार्ड डिस्कही बदलून झाली होती. डिस्क खरोखर निरोगी होती. मी इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ४१ क्रमांकाच्या नोंदींच्या वेळा कागदावर उतरवल्या. काही दिवस सकाळच्या, काही दिवस रात्री उशिराच्या. मला त्यात काही अर्थ लागेना. तिथल्या मुनीमकाकांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, ‘अहो, हे तर थ्री फेजचं वेळापत्रक आहे.’

शेतीची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने येते. ती आली की आसपासच्या सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात. मीटर लावून बसलो तेव्हा त्या क्षणी व्होल्टेज १७०च्या खाली गेलेलं पाहिलं. एसएमपीएस उघडला तर आतले दोन कपॅसिटर माथ्यावर फुगलेले. झटका बसायचा, मशीन लिहिता लिहिता बंद व्हायचं, फाइल सिस्टीम अर्धवट राहायची. चेक डिस्क इमानाने रोज तेवढं निस्तरत होतं. नवा एसएमपीएस, स्टॅबिलायझर, चांगला यूपीएस, आणि मीठ-कोळसा घालून नीट केलेलं अर्थिंग, एवढ्यावर ते काम मिटलं. हे काम बहुतांशी वायरमनचं होतं आणि पैसेही त्यालाच जास्त मिळाले. पण कॉम्प्युटरवाल्याने कागद मांडला नसता तर वायरमनला कुणी बोलावलंच नसतं. मुनीमकाकांनी कॉम्प्युटर कधी स्वतः चालवला नव्हता. निदान मात्र त्यांचं होतं. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाकडच्या सगळ्यांना वेळा आणि तारखा दाखवतो. मशीनजवळ बसणाऱ्यालाच नव्हे, झाडणाऱ्या मावशींनाही विचारतो.

काही दोष इतके लहान असतात की त्यांच्यासाठी शोधक प्रोग्रॅम उपयोगाचे ठरत नाहीत. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, आणि वेबसाइट उघडत नाही. नेटवर्कचा ट्रबलशूटर म्हणतो, दोष ओळखता आला नाही. घड्याळाकडे बघितलं तर कॉम्प्युटर २००९ सालात आहे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की बंद मशीन तारीख विसरतं, आणि तारीख चुकली की सुरक्षित वेबसाइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला मुदतीबाहेरचं वाटतं. सेल बदलला, तारीख लावली, अर्ज गेला.

आता ज्याबद्दल मी सगळ्यात पोटतिडकीने बोलतो ते. चेक डिस्कला ‘आर’ जोडून चालवलं की तो डिस्कचा प्रत्येक भाग वाचून बघतो. व्हिडिओत दाखवतात, सगळे सांगतात, हे चालवा म्हणजे बॅड सेक्टर जातात. निरोगी डिस्कवर ते ठीक आहे. पण मरणपंथाला लागलेल्या यांत्रिक हार्ड डिस्कला रात्रभर कोपरा न्‌ कोपरा वाचायला लावणं म्हणजे तिचे उरलेले श्वास त्यात खर्च करणं. शिवाय चेक डिस्कची निष्ठा फाइल सिस्टीमशी असते, तुमच्या फाइलीशी नसते. रचना सुसंगत व्हावी म्हणून तो अर्धवट तुकडे कापून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात टाकतो आणि आकडा दिलेल्या ‘सीएचके’ फाइली बनवतो. त्यात तुमचं काय होतं हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या हिशेबी दुरुस्ती झालेली असते.

एका बचत गटाच्या ताई अशाच आल्या. गटाचा कितीतरी वर्षांचा हिशोब एक्सेलमध्ये, सगळा एकाच जुन्या मशीनवर. मशीन हळू झालं, फाइल उघडताना अडकू लागलं. घरातल्या मुलाने व्हिडिओ बघून रात्री चेक डिस्क लावून दिलं. चांगल्या हेतूनेच. सकाळी डिस्कमधून टकटक आवाज येत होता. डिस्कची स्वतःची आरोग्यनोंद, ज्याला स्मार्ट म्हणतात, ती काढली तर वाचता न आल्याने खोळंबलेल्या सेक्टरांचा आकडा फार वर गेलेला. ही नोंद आदल्या दिवशी कुणी बघितली असती तर डिस्क ओरडून सांगत होती.

अशा वेळी मी विंडोज सुरूच करत नाही. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन उठवतो आणि डीडीरेस्क्यू नावाचा मुक्त प्रोग्रॅम लावतो. त्याची रीत मला फार आवडते. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवतो. जिथे अडतं तिथे हट्ट न धरता ती जागा नकाशात लिहून पुढे जातो. सगळा चांगला भाग सुरक्षित झाल्यावर मग अवघड जागांकडे परत येतो. वीज गेली तरी नकाशा जवळ असल्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. त्या डिस्कवरून बराचसा हिशोब परत मिळाला. शेवटच्या काही महिन्यांची फाइल मात्र मिळाली नाही. ताई आणि गटातल्या दोघी पावतीपुस्तकं घेऊन माझ्या दुकानात बसल्या, आणि पावतीमागून पावती बघत तो भाग पुन्हा भरून काढला. कर्जाच्या हप्त्यांचा आकडा शेवटी जुळला. त्या पावतीपुस्तकांमुळे गटाचा हिशोब वाचला. मी तेव्हा जे पैसे घेतले ते डिस्कचे घेतले. हे मोठेपणासाठी सांगत नाही. जिथे डेटा पूर्ण मिळत नाही तिथे मजुरी मागताना जीभ रेटत नाही, आणि या धंद्यातल्या बऱ्याच जणांचं तसंच असतं.

दुसऱ्या बाजूला असे प्रोग्रॅम आहेत ज्यांच्या निर्मात्यांची जीभ कधीच अडखळत नाही. एक निवृत्त शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. स्क्रीनवर मोठा लाल आकडा, हजाराच्या वर ‘त्रुटी’, आणि खाली पैसे भरण्याचं बटण. त्यांनी एकदा कार्डाने पैसे भरलेही होते. दर वर्षी ते आपोआप कापले जात होते आणि लॅपटॉप तितकाच हळू होता. त्या ‘त्रुटी’ म्हणजे बहुतांशी रजिस्ट्रीतल्या जुन्या, निरुपद्रवी नोंदी. रजिस्ट्रीत नोंदींची संख्या अवाढव्य असते. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या काही नोंदी मागे राहिल्या म्हणून मशीन हळू होत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असं मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे सांगितलेलं आहे. त्या लॅपटॉपचा खरा दोष पंख्यात होता. आत धूळ दाटली होती, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता. ब्रश, ब्लोअर आणि नवी थर्मल पेस्ट लावल्यावर लॅपटॉप पूर्वीसारखा चालू लागला. बँकेत जाऊन ते आवर्ती पेमेंट बंद करायला मात्र बाईंना जास्त खेटे घालावे लागले.

हा प्रकार जगभर आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ साली ऑफिस डेपो ही दुकानसाखळी आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांवर कारवाई केली. आरोप असा होता की त्यांच्या ‘पीसी हेल्थ चेक’ प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला मशीन हळू आहे का, बंद पडतं का, अशा प्रश्नांपुढे खूण केली की तपासणीत काहीही सापडो, निकालात व्हायरसची लक्षणं दाखवली जात. दोघांनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. २०२४ मध्ये सायप्रसमधल्या रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्यांनी अशाच आरोपांवर २ कोटी ६० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. मी हे आकडे गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगतो. फसलेल्या माणसाला आपण अडाणी म्हणून फसलो असं वाटत असतं. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानात उभं राहून जे फसले तेही शिकलेलेच होते. तपासणी फुकट आणि दुरुस्तीला पैसे, असा जिथे मेळ असतो तिथे त्रुटींचा आकडा वाढवण्यातच प्रोग्रॅमचा फायदा असतो.

प्रामाणिक प्रोग्रॅमही कधी कधी चुकीचं सांगतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. जुलै २०१९ मध्ये सिस्टीम फाइल चेकर चांगल्या-भल्या मशीनवर विंडोजच्या डिफेंडर या अँटीव्हायरसच्या काही फाइली खराब आहेत आणि दुरुस्त होत नाहीत असं सांगू लागला. दोष मशीनमध्ये नव्हता, डिफेंडरच्या एका नव्या आवृत्तीने त्या फाइली बदलल्या होत्या आणि चेकरकडे जुन्याच नोंदी होत्या. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं. त्या दिवसांत किती जणांनी उगाच फॉरमॅट मारले असतील, या विचाराने मला आजही वाईट वाटतं.

आणि १९ जुलै २०२४चा दिवस तर या धंद्यातला कुणी विसरणार नाही. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सकाळी जगभरच्या मशीनवर उतरली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीने दीडेक तासात ती फाइल मागे घेतली, पण पडलेली मशीन उठेनात. विंडोजची स्वयंचलित दुरुस्ती सुरू व्हायची, हरायची, पुन्हा सुरू व्हायची. तिच्या दृष्टीने विंडोजच्या सगळ्या फाइली शाबूत होत्या. बिघडवणारी फाइल दुसऱ्याच कंपनीची, स्वतःच्या फोल्डरात बसलेली होती. उपाय अगदी साधा होता. सेफ मोडमध्ये जायचं, ती एक फाइल काढायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. पण त्यासाठी मशीनपुढे माणूस बसावा लागत होता. मोठमोठ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ रात्रंदिवस एकेका टेबलापाशी जाऊन हे करत होते. आमच्या तालुक्यात तसली महागडी सुरक्षा वापरणारं कुणी नसल्याने माझं दुकान त्या दिवशी शांत होतं. बातम्या वाचताना माझा जीव त्या टेबलाटेबलावर फिरणाऱ्या पोरांपाशी होता.

त्यांना सगळ्यात जास्त अडवलं ते बिटलॉकरने. डिस्क कुलूपबंद, आणि सेफ मोडमध्ये जायला ४८ आकड्यांची रिकव्हरी की हवी. ती ज्या सर्व्हरवर ठेवलेली, काही ठिकाणी तोच सर्व्हर पडलेला. ही अडचण आता माझ्या काउंटरवरही रोजची झाली आहे. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ता नसतो. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की लॅपटॉप ती की मागतो. खातं दुकानदाराने किंवा भाच्याने घाईत उघडून दिलेलं असतं, ईमेल कुणाला आठवत नाही, मोबाइल नंबर बदललेला असतो. की नसेल तर दुरुस्तीचा कुठलाही प्रोग्रॅम, डीडीरेस्क्यूसुद्धा, त्या डिस्कवरची एक ओळ वाचून देऊ शकत नाही. माझ्याकडे लोक हात जोडतात आणि मला नाही म्हणावं लागतं.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती आहे. मशीन बिघडलेलं नसताना, आज किंवा उद्या, स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती ४८ आकड्यांची की बघा आणि कागदावर लिहून घरातल्या इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवा. हव्या त्या फाइली दुसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरवून ठेवा. आणि ‘दुरुस्त करता आली नाही’ अशी ओळ दिसली तर दुसऱ्यांदा काहीही चालवण्याआधी त्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तुमच्या गावातल्या कारागिराला तो फोटो दाखवा, आणि त्याआधी काय बदललं होतं तेही सांगा.